आठवा तास, खोली चौदा

संस्कृत नको होतं म्हणून आम्ही नऊ पोरं
आठव्या तासाला खोली चौदात बसायचो,
प्रयोगशाळेच्या मागं, मोडक्या बाकांच्या थप्पीजवळ.
मार्केट यार्डाकडनं वारा आला की हळदीचा वास.
दऱ्याप्पा मगदूमचे वडील तिथं तोलारी,
त्याच्या वहीच्या कडा कायम पिवळ्या.

मुजावर सर मिरजेहून सायकलवर यायचे,
पँटीची क्लिप काढायचं विसरून
तसेच फळ्याकडं वळायचे.
पाचवीत ज्याला पी म्हणून घोकलं
तो इथं र निघाला.
बी चा व, एच चा न,
एक आर तर पाठमोरा, रुसल्यासारखा.
"घाबरू नका," सर म्हणाले,
"अक्षरं सासरी आलीत. नाव बदलणारच."

एक गोष्ट आम्हाला फुकट मिळाली:
तिकडंही तो, ती, ते.
ओन, अना, अनो.
पुस्तक बाईमाणूस. खिडकी नपुंसक.
आणि सूर्य?
सूर्यही नपुंसक, सर म्हणाले,
बाहेर एप्रिल, पत्रा तडतडतोय,
दऱ्याप्पा मागनं बोलला,
"तिकडं ह्येचं काय चालत नसंल."

त्याच उन्हात वाक्य दिलं: मन्ये होलदना.
शब्दाखाली शब्द ठेवा.
मला. थंड.
संपलं.
'मी' नाहीच त्यात, 'आहे' पण नाही.
इंग्रजीच्या बाईंकडं थंड असायला
आधी मी व्हावं लागायचं.
इथं नुसतं बसून राहायचं, जे यायचं ते येतं.
मला कंटाळा. मला कीव.
वयसुद्धा तसंच: मला चौदा वर्षं.
"आपल्यात काय म्हणतात?"
त्रिशला चौगुले हळूच म्हणाली, "चौदावं लागलं."
सर एवढे खूश, की खडू मोडला.
"लागतंच की सगळं! भूक, तहान, वय.
थंडी तेवढी आपल्याकडं वाजते."

सरांनी बर्फ पाहिलं होतं
ते मिरज स्टेशनमागच्या कारखान्यात,
भुशात गुंडाळलेली लादी,
हातगाडीवरून ठिबकत चाललेली.
दऱ्याप्पानं एकदा विचारलं म्हणून कळलं.
नाहीतर आम्हाला वाटायचं, ते तिकडचेच.

नववीत, नाताळच्या सुट्टीनंतर,
भूगोलाच्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशात
त्या मोठ्या गुलाबी रंगावर
पेन्सिलनं रेघा मारल्या. पंधरा तुकडे.
पेन्सिल बोथट होती, दोनदा टोक करावं लागलं.

आठव्या तासाला सर आले. क्लिप तशीच.
हजेरी घेतली नाही.
म्हणाले, आज भूतकाळ.
तोही आपल्यासारखाच, माणूस बघून बदलतो.
तो होता, ती होती, ते होतं.
बिल, बिला, बिलो.
"देश हा शब्द तिकडं स्त्रीलिंगी," म्हणाले. "तर मग?"
आम्ही तोवर सातच उरलो होतो,
सातही जण एका सुरात ओरडलो,
होती!
बरोबर, असं काही ते म्हणाले नाहीत.
डस्टर शोधत राहिले, जे हातातच होतं.

त्या भाषेत शिकण्याला दोन क्रियापदं आहेत,
एक शिकत असण्याचं, एक शिकून झाल्याचं.
पहिलं आम्ही घेतलं होतं.
दुसरं पुढल्या वर्षी घेऊ, सर म्हणाले.
जूनमध्ये खोली चौदात शिवणयंत्रं आली.

मी आता कुपवाडला, शीतगृहात,
बेदाण्याच्या पेट्या मोजतो.
बाहेर एक्केचाळीस, आत चार.
काल स्वेटर गाडीवरच राहिला.
तेराव्या रांगेशी तोंडातनं वाफ निघाली
आणि वाफेबरोबर, तीस वर्षांनी,
न बोलावता: मन्ये होलदना.
इरगोंडा पेटी खांद्यावर घेऊन थांबला.
"काय म्हणालासा, साहेब?"
"थंडी वाजतीया म्हणालो."
"मग तसं म्हणायचं की."
"तसंच म्हणालो."
त्यानं पेटी ठेवली.
मी आकडा विसरलो होतो.
पुन्हा पहिल्या रांगेपासून.